वरातीच्या घोडीला चारा खाऊ द्या

महोदय,

लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून हे पत्र. गंगावेशीत आमची घोडी वरातीला जाते. वडिलांचा टांगा होता, तेव्हापासून दारात जनावर आहे.

गेल्या हंगामात घोडी चंदी (दाण्याचा खुराक) टाकू लागली. भरड्यात तोंड घालायची, दोन घास खाऊन मान फिरवायची. कडबा मात्र खायची. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की कान पाडून चावायला यायची. लोक म्हणाले, माजलीय. कुणी मसाल्याचा गोळा सुचवला. डॉक्टर म्हणाले, पोटात अल्सर दिसतोय. खात्री करायची तर नाकातून जठरापर्यंत तीन मीटरची दुर्बीण घालावी लागते.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लं नाही तरी. त्यावर उतारा लाळेचा, आणि घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. सहा तास तोंड रिकामं राहिलं की धोका वाढतो. त्यात रिकाम्या पोटी नाचवलं, की आम्ल उसळून जठराच्या वरच्या नाजूक भागाला लागतं. आता वरात आठवा. घोडी पाचला सजून उभी, तोंडात लगाम; नवरदेव येणार नऊला! एका कार्यालयात मी पेंढी टाकली, तर ‘कचरा होतो’ म्हणून उचलायला लावली.

औषध आहे, आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल. पण माणसाची एक कॅप्सूल चारून काही होत नाही. किलोमागे 4 मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज 1400. वीसच्या कॅप्सूल मोजा, सत्तर भरतात. त्यापेक्षा घोड्यांची पेस्ट डॉक्टरांना विचारून घ्यावी. सकाळी उपाशीपोटी, साधारण 28 दिवस. आणि लंगडणाऱ्या जनावराला मनानंच फिनाईलब्युटाझोन हे वेदनाशामक टोचणाऱ्यांनी हात आवरावा, त्यानंही अल्सर होतो.

आम्ही भरडा कमी केला, लसूणघास वाढवला (त्यातलं कॅल्शियम आम्ल मारतं), रात्रीची गव्हाण रिकामी ठेवत नाही. आता तंग आवळताना घोडी गप उभी राहते.

कार्यालयवाल्यांनी घोडीला एक कोपरा आणि बादलीभर पाणी द्यावं. यजमानांनी वरात निघायच्या अर्धा तास आधी सांगावं, लगाम तेव्हाच चढवू. पेंढी मी आणतो, झाडूही माझाच.

— एक घोडीमालक, गंगावेस, कोल्हापूर