आखाजीला माहेरी आलेल्या लेकीचा प्रश्न

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अश्लील साइट कायमच्या बंद करा, अशी मागणी करणारी पत्रं आपल्या अंकात वाचली. लिहिणाऱ्यांची कळकळ कळते. पण सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका म्हणून काढल्यावर मला वेगळंच सांगावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आमच्या गल्लीतली एक मुलगी भरदुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. बाकीच्या पोरी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या, ही मात्र ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मावशी, मन्हं काय चुकनं?" नवरा रात्री मोबाइलवर फिल्म लावायचा आणि त्यातल्या बाईसारखं कर म्हणायचा. तिला दुखायचं. ती रडली की तो गोंधळून जायचा, कारण फिल्ममधली बाई कधी 'थांब' म्हणतच नाही. पोरगा वाईट नव्हता. जिनिंगमध्ये कामाला, निर्व्यसनी. त्याला दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सांगणार तरी कोण? २००७ साली आपल्या राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. साइट बंद करून पाहिल्या: २०१५ मध्ये केंद्राने ८५७ साइटवर बंदी घातली, ओरड होताच थोड्या दिवसांत माघार घेतली, आणि २०१८ मध्ये पुन्हा आठशेवर साइट बंद केल्या. या मुलीचं लग्न त्यानंतरचं.

१९९४ साली जळगावचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा मी नोकरीत नवी होते. मुलींचे फोटो काढून, चित्रण करून त्यांना धमकावलं जात होतं. कॅमेऱ्यासमोरची बाई राजीखुशीने तिथे आहे का, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही. फुकट फिरणाऱ्या क्लिपमध्ये ते कळायला काही मार्गच नसतो.

काही बायकांनी नेमका हाच प्रश्न धरून वेगळी वाट काढली. अमेरिकेत कँडिडा रॉयाल यांनी आधी अशा फिल्ममध्ये कामं केली होती. १९८४ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढून बाईच्या नजरेने, जोडप्याने मिळून बघाव्यात अशा फिल्म केल्या. बार्सिलोनात एरिका लस्ट आज त्याच वाटेने चालल्या आहेत. काय करायचं आणि काय नाही, हे कलाकारांशी आधी ठरतं, आणि प्रेक्षक पैसे मोजून बघतो. तिथलं सगळंच निर्मळ असेल असं मी म्हणणार नाही. पण बाईलाही सुख असतं, तिला विचारावं लागतं, हे गृहीत धरून केलेलं काम आणि आपल्या पोरांच्या मोबाइलवरचा माल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडे असं चित्रण इंटरनेटवर टाकणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ खाली गुन्हा आहे, पहिल्याच खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद. तेव्हा फिल्म काढा, अशी माझी मागणी नाही. पण लिहिता येतं, ऐकवता येतं. पारोमिता वोहरा यांचं 'एजंट्स ऑफ इश्क' हे संकेतस्थळ २०१५ पासून गाण्यांतून, गोष्टींतून हेच करतंय. आणि मराठीला तर हे नवीन नाहीच. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, त्यासाठी खटले सोसले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. बाईच्या सुखाची बाजू त्यांनी तेव्हा मांडली. आपण मात्र आज ती आपल्या लेकीला सांगताना दार लोटून घेतो.

आपल्या अंकात आठवड्याला एक रकाना द्या. विचारणाऱ्याचं नाव छापू नका, उत्तर डॉक्टर-परिचारिकांकडून घ्या. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राने रात्री अर्धा तास द्यावा, अहिराणीत. त्या मुलीला 'संमती' हा शब्द ठाऊक नव्हता, 'मना जीव नही', म्हणजे माझी इच्छा नाही, हे मात्र तिला नीट सांगता येत होतं.

जावई तिला न्यायला आला तेव्हा, तिला विचारूनच, मी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. मान खाली घालून त्याने सगळं ऐकलं. उठताना हळूच विचारलं, "सिस्टर, हे कुठं लिहिलेलं मिळेल का? मला वाचायचंय." माझ्या कपाटात कुटुंब नियोजनाच्या पत्रकांशिवाय काही नव्हतं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अमळनेर