आधी उपमा, मग सत्कार

मस्कत,
12 ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. याला कारण फोंड्याचे मास्तर. सासूबाईंच्या ओसरीवर चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं, "आईशी बोलतोस ते तिला ऐकू येतं का रे?" म्हटलं, येतं की, हो हो म्हणते. "म्हणजे येत नाही," मास्तर म्हणाले. "ऐकू येणारी आई मुलाला एवढं हो हो म्हणत नाही. पत्र लिही."

तुमच्याकडून निघालो तो थेट फोंड्याला गेलो. 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, मास्तरांचा सत्कार होता. हे मूळचे आपल्या चिपळूणकडचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात तिथे गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा मास्तरकीला म्हणून आले ते तिथलेच झाले. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. निवृत्त झाले त्याच सुमारास सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आली. साठीपुढच्या गरजूंना दरमहा पैसे, आता 2000 रुपये मिळतात. बाबा, तुम्हाला वाटेल अर्ज भरला की झालं. तसं नाही. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा हवा, वयाचा पुरावा हवा, आणि खरी मौज तिथेच. या म्हाताऱ्या माणसांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. त्या लिपिकांनी 'श'साठी 'एक्स' लिहिलेला, त्यामुळे जन्मदाखल्यावर शांताचं नाव एक्सनं सुरू होतं. रेशनकार्डावर ते एस-एचनं, आधारवर तिसरंच काहीतरी. सरकारदरबारी एका शांताच्या तीन बायका! या तिघी एकच, अशी प्रतिज्ञापत्रं करून देण्यात मास्तरांची वीस-बावीस वर्षं गेली. कोणाकडून पैसा घेतला नाही, फणस मात्र घ्यायचे.

पैसे चालू झाले तरी दरवर्षी हयातीचा दाखला असतोच. मी एक दिवस त्यांच्याबरोबर बँकेत गेलो होतो. भातशेतीत नि नारळ सोलण्यात जन्म गेलेल्या एका आजीचा अंगठा यंत्र घेईना. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, उद्या या. मास्तरांनी पिशवीतून ओला पंचा काढला, आजीची बोटं एकेक करून पुसली, मग कोरड्या टोकानं टिपली, आणि अंगठ्याऐवजी मधलं बोट ठेवायला लावलं. आजी यंत्राला दरडावून म्हणाली, "हांव जिती आसां!" तिसऱ्या वेळी उमटलं.

सत्काराच्या मानपत्रात यातलं काही नव्हतं. सेवाव्रती, दीपस्तंभ, वटवृक्ष हे सगळे आले होते, पंचा नव्हता. (मानपत्र लिहिणाऱ्यांना वडाशिवाय दुसरं झाड का सुचत नाही, देव जाणे.) पाहुणे दीड तास उशिरा येणार असं कळलं. समोर शंभरेक म्हातारी माणसं, निम्म्यांना साखर. मास्तर उठले आणि स्वयंपाकाकडे जाऊन म्हणाले, "आधी उपमा वाटा, मग सत्कार." संयोजकांचा चेहरा पडला. पाहुणे आले तेव्हा सभागृहात बशांचा खडखडाट चालू होता.

शाल-श्रीफळ झाल्यावर मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "ज्यांचा दाखला राहिलाय त्यांनी सोमवारी नऊला बँकेच्या दारात भेटा. आधार आणि पासबुक आणा. चष्मा विसरू नका." एवढं बोलून खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. सासूबाई तेवढ्या हसल्या.

2011 च्या जनगणनेत देशात शंभरात साडेआठ माणसं साठीपुढची होती, गोव्यात अकराच्या वर. तिथे फिरताना हे आकड्यांवाचून कळतं. आमच्या सासरवाडीच्या वाड्यावर सहा घरं, तीन बंद. उरलेल्या तीन घरांतली मुलं कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. मी त्या मुलांबद्दल काय बोलू? मीही त्यांच्यातलाच. पूर्वी मास्तर या घरांतून मुलांची पत्रं वाचून दाखवत. चांगली बातमी दोनदा वाचायचे आणि पैशांची अडचण लिहिलेली ओळ गाळायचे, असं सासूबाई सांगतात. आता पत्रंच येत नाहीत. व्हिडिओवर मुलाचं कपाळ दिसतं, आवाज तुटतो, आणि म्हातारी हो हो म्हणते.

बाबा, दोन कामं. मास्तर सगळ्या घरांत दाराआड 14567 हा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवतात. तो ज्येष्ठांच्या मदतीचा नंबर देशभर चालतो, आपल्याकडेही. फोनजवळ लावून ठेवा. आणि नोव्हेंबरात पेन्शनच्या दाखल्याला जाल तेव्हा अंगठा नाही उमटला तर चिडू नका, मधलं बोट ठेवून बघा.

आई, तुझ्या कानांची तपासणी करायची आहे, नाही म्हणू नकोस. रविवारी फोन करीन तेव्हा मी काय बोललो ते मला परत सांगायचं. नुसतं हो म्हटलंस तर धरणार नाही.

तुमचा,
बाळू