अलिबागकरांनो, आभार

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. वाढले इस्राएलच्या दक्षिणेला, दिमोना गावात. घरात मराठी, शाळेत हिब्रू, शेजार मोरोक्कोहून आलेल्यांचा. वर्गातली मुलं मला 'हिंदी' म्हणायची, मुंबईत उतरले की मी 'फॉरेनर'. आमची माणसं पूर्ण ज्यू आहेत की नाहीत, हा वादही तिकडे झालाच. आंदोलनं झाली, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारने मान्य केलं. आजोबा त्या विषयावर बोलायचेच नाहीत.

या फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांची कबर शोधायला आले. आमच्यात आडनाव गावावरून पडतं, म्हणून गाव ठाऊक होतं. बाकी काहीच नाही.

रिक्षावाले काका, तुम्ही चार घरी चौकशी केलीत, आणि प्रत्येक ठिकाणी 'आपल्याच गावची पोरगी आहे' असं सांगितलंत. कबरस्तानातल्या दादा, तुम्ही वेली तोडल्यात, दगडावर पाणी ओतून खराटा मारलात, तेव्हा हिब्रूखालची मराठी ओळ उमटली. अक्षरं झिजलेली, तुम्ही बोट फिरवून नाव लावलंत. इस्राएल आळीतल्या मावशी, तुमचा मलिदा! भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. आईच्या मलिद्यात खोबरं सुकं असतं, आणि (तिला सांगू नका) तुमचाच सरस.

कुणाचंच नाव विचारायचं सुचलं नाही. काका, परतीचं भाडंही तुम्ही घेतलं नाहीत. पुढच्या खेपेला आईला घेऊन येतेय, तेव्हा मुकाट्याने घ्यायचं.