‘ई२-ई४’ : रेकॉर्ड पलटली की डाव मोडतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्यांवर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जर्मन संगीतकार मानुएल ग्योट्शिंग यांच्या ‘ई२-ई४’ या अल्बमला त्यात चार ओळी मिळाल्या, हेही नसे थोडके. पण त्या चारांतल्या तीन मला पटल्या नाहीत, म्हणून हे पत्र.

हे संगीत ‘संगणकाने तयार केलेले’ आहे आणि ‘झोप न येणाऱ्यांनी रात्री मंद आवाजात लावावे’, असे लेखक म्हणतात. आधी संगणकाचे बघू. १२ डिसेंबर १९८१ रोजी बर्लिनमधल्या आपल्या स्टुडिओत ग्योट्शिंग एकटेच बसले, सिंथेसायझर (विजेवर सूर तयार करणारे वाद्य) आणि सिक्वेन्सर जुळवले आणि जवळजवळ तासभर वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी हॅम्बुर्गला जायचे होते, वाटेत वॉकमनवर ऐकायला काहीतरी हवे होते, एवढेच निमित्त. मागाहून काही भरलेले नाही की कापलेले नाही. सिक्वेन्सर नेमून दिलेले सूर पुन्हापुन्हा वाजवतो हे कबूल. पण कुठला सूर कधी पुढे आणायचा, कशाला जरा धार द्यायची, कशाला मागे सारायचे, हे सगळे त्या तासाभरात हातांनी केलेले आहे. गडी मुळात गिटारवाला. लहानपणी शास्त्रीय गिटार शिकलेला, १९७० साली क्लाउस शुल्झं आणि हार्टमुट एंके यांच्याबरोबर ‘आश रा टेम्पल’ हा बँड काढणारा. १९७५ चा त्यांचा ‘इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार’ ऐकला तर त्यात सिंथेसायझर नावालाही नाही, सगळा पसारा गिटार आणि प्रतिध्वनीचा. पुढच्याच वर्षीच्या ‘न्यू एज ऑफ अर्थ’मध्ये मात्र सिंथेसायझर पुढे आले. ‘ई२-ई४’मध्ये हे दोन्ही हात एकत्र आले आहेत.

झोपेचे म्हणाल, तर ती ज्याची त्याने बघावी. शुल्झंच्या ‘इनटीम’ या लेबलवर १९८४ मध्ये रेकॉर्ड निघाली आणि न्यूयॉर्कच्या ‘पॅरडाइस गराज’ क्लबात लॅरी लेव्हन हा डीजे ती लावून लोकांना नाचवू लागला. १९८९ मध्ये इटलीतल्या मंडळींनी हीच सुरावट उचलून ‘सुएन्यो लातिनो’ हे नाचाचे गाणे केले. माणसे पहाटेपर्यंत ज्यावर नाचली, ते अंगाईगीत कसे?

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. मी निवृत्त शिक्षक. आमच्या सोसायटीतल्या मुलांना संध्याकाळी बुद्धिबळ शिकवतो. मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने ही रेकॉर्ड आणली, २०१६ ची, ग्योट्शिंग यांच्याच ‘एमजी डॉट आर्ट’ या लेबलने वादनाच्या पस्तिशीनिमित्त काढलेली. (किंमत विचारली, त्याने सांगितली नाही.) कव्हरवर बुद्धिबळाचा पट. म्हणाला, “बाबा, हे तुमच्यासाठी.” ई२-ई४ म्हणजे पांढऱ्याच्या राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे. आमच्या पिढीने डाव लिहिताना ही चाल ‘पी-के४’ (प्यादे राजाच्या चौथ्या घरी) अशी लिहिली. निघाले ते घर आणि पोचले ते घर, अशी दोन्ही लिहायची रीत जर्मनांची. गंमत म्हणजे, जागतिक बुद्धिबळ महासंघाने आमच्या जुन्या लिपीची मान्यता काढली ती १९८१ मध्येच, हे वाजवणे झाले त्याच वर्षी. दुसरा अर्थ मुलाने सांगितला : गिटारची सगळ्यांत जाड तार म्हणजे ई२ आणि सगळ्यांत बारीक ई४, मध्ये बरोबर दोन सप्तके. पहिली चाल आणि अख्खे वाद्य, दोन्ही एका नावात.

आता माझी खरी तक्रार. ‘अस्सल अनुभव हवा तर एलपीच घ्या,’ असे लेख सांगतो. हा अल्बम म्हणजे ५९ मिनिटांचे एकच सलग वादन. दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आलटून पालटून येतात, खाली झांजेचा बारीक ठेका. पहिल्या अर्ध्या तासात गिटार कुठेच नाही. (कुणी लगेच विलंबित ख्याल आठवेल. मला ते पटत नाही. ख्यालात गवई समेवर येतो तेव्हा आपल्याला पोचल्यासारखे वाटते, इथे कोणी कुठे पोचतच नाही.) कान त्या दोन कॉर्डांना इतका सरावतो की झांज जरा मोठी झाली तरी मान वळते. आणि साधारण एकतिसाव्या मिनिटाला, काही न सांगता, गिटार आत येते. घरात आपण एकटेच आहोत असे समजून बसावे आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलायला लागावे, तसे मला झाले.

पण हे झाले ते मुलाच्या फोनवर ऐकताना. रेकॉर्डवर पहिली बाजू नेमकी त्याच्या तोंडाशी संपते. उठा, सुई उचला, तबकडी पलटा. तेवढ्यात सौ. म्हणाल्या, “उठलाच आहात तर गॅस बंद करा.” गॅस बंद केला, चहा गाळला, परत येऊन सुई ठेवली. गिटार आली, पण ती आता नव्या गाण्याच्या सुरुवातीसारखी. अर्धा तास ज्यासाठी बसलो, ते चहात गेले. शिवाय एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सुखाने बसतात. अर्धा तास कोंबायचा तर खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरते. ही कुणाची चूक नव्हे, तबकडीचा आकारच तेवढा. तेव्हा एलपी कव्हरसाठी घ्यावी, ऐकायला सीडी. तीही निघालेली आहे आणि तीत ५९ मिनिटे न तुटता वाजतात.

जाता जाता, लेखात आडनाव ‘गॉटशिंग’ छापले आहे. मुलाने फोनवर तीनदा म्हणून दाखवले, ‘ग्योट्शिंग’च्या जवळ जाते. आणि ते आता हयात नाहीत, ४ डिसेंबर २०२२ रोजी सत्तराव्या वर्षी गेले. लेखात ‘सध्या बर्लिनमध्ये राहतात’ असे आहे, तेवढी दुरुस्ती जरूर छापावी.

कव्हर सध्या आमच्या शिकवणीच्या भिंतीवर आहे. मुलांना चाल ओळखायला सांगितली, सगळ्यांनी ओळखली. तिसरीतल्या एकाने विचारले, “आजोबा, मग काळ्याने काय खेळलं?”

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा