बिल कमी करणाऱ्या मेडिकलवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं किंवा दुकानाचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण मानेवाड्यातल्या बायका तुम्हाला बरोबर ओळखतील.

लग्न झालेल्या धाकट्या बहिणीसाठी मी 'नॅचरल फोलेट'ची बाटली घ्यायला आले होते. हिरव्या पानाचं चित्र, किंमत हजाराच्या घरात. बाळाचा विचार सुरू झाला की फोलेट, म्हणजे बी-९ जीवनसत्त्व, घ्यावं, एवढं तिला माहीत होतं. सोबत आईही होती. "नैसर्गिकच आहे ना, मग मलाही एक दे, थकवा जाईल," असं ती म्हणाली. दुसरा कुणी असता तर दोन बाटल्या पिशवीत टाकून मोकळा झाला असता. तुम्ही विचारलंत, "काकू, तुम्हाला शुगरची गोळी सुरू आहे का? पायाला मुंग्या येऊन राहिल्या का?"

दोन्हींचं उत्तर 'हो' होतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं सुरू आहे, खाणं शुद्ध शाकाहारी, आणि मुंग्यांचं ती घरात कोणाला बोललीच नव्हती. मेटफॉर्मिनने, म्हणजे त्या शुगरच्या गोळीने, बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. अशात नुसतं फोलेट भरपूर घेतलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो आणि बी-१२अभावी होणारं नसांचं नुकसान आत चालूच राहतं, हे तुम्ही गर्दीतही आईला कळेल अशा भाषेत सांगितलंत. गोळ्यांमधून दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही, ही मर्यादाही मुख्यतः त्याचसाठी. आईची तपासणी झाली, बी-१२ खरंच कमी निघालं. आता इंजेक्शनं सुरू आहेत.

बहिणीचं तर तुम्ही बिलच उतरवलंत. बाटलीत मिथाइलफोलेट, म्हणजे फोलेटचंच एक रूप, होतं. ते वाईट नाही, पण बाळाच्या मणक्यातला दोष टळतो हे सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक अ‍ॅसिडने, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या आधीपासून. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मज्जारज्जूची नळी मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असतं. म्हणून 'कळल्यावर सुरू करू' चालत नाही. आणि मी काउंटरवरची फॉलिक अ‍ॅसिडचीच ५ मिलिग्रॅमची पट्टी उचलली तेव्हा ती तुम्ही हातातून काढूनच घेतलीत! ती आधीच्या बाळाला असा दोष असलेल्यांना, किंवा फिटच्या काही गोळ्या सुरू असणाऱ्यांना, तीही डॉक्टरांनी लिहून दिली तर. माझ्या पुढचा पोट्टा तीच पट्टी घेऊन गेला होता, पण त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार, चिठ्ठी डॉक्टरांची. त्याच्या लाल पेशी लवकर तुटतात, नव्या तयार व्हायला फोलेट जास्त लागतं. विदर्भात हे तुम्हाला रोजचंच.

'नैसर्गिक' हवं असेल तर कॉटन मार्केट गाठा, हे तुमचं म्हणणं आईला फार आवडलं. चवळी, हरभरा, मूग, पालक. फक्त भाजी उकळून पाणी फेकू नका, फोलेट त्या पाण्यातच जातं. संत्र्याचं तिने आवर्जून विचारलं, नागपूरकर ना! मिळतं, पण एका फळातून साधारण ४० मायक्रोग्रॅम. तेवढ्यावर गोळी सोडू नये, असं तुम्ही स्पष्टच सांगितलंत.

हजाराचं गिऱ्हाईक परत पाठवायला धाडस लागतं, ताई. मनापासून आभार.

एक विनंती आहे. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तुम्ही बहिणीसाठी जे लिहून दिलंत, गोळी किती, कधी आणि कोणाला विचारून, ते मोठ्या अक्षरात काउंटरवर लावाल का? आमच्या गल्लीत तो पुठ्ठा हातोहात फिरून राहिला, आता त्यावरची अक्षरं पुसायला आली.

तुमची,
बी-१२वाल्या काकूंची मोठी मुलगी