अक्का, तो रिकामा पॅरामीटर तसाच ठेवला

अक्का, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. आपल्या सोलापुरातल्या अशोक चौकाकडची पोरं कोडिंग बऱ्यापैकी शिकतात, पण कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, विषय निघाला की पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट बघायला लागतात. ते काम पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आपल्याकडं वेबसाइट आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर, असं धरूनच चालतात. तुमच्या माडीवर पंख्याखाली बसून आपण लिनक्सच्या कर्नेल डीबगरचा कोड ओळीओळीनं धुंडाळला. तो कसा, हे त्यांनाही कळू दे. आभार त्यातच येतील.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधा प्रोग्राम अडकला तर बाहेरून डीबगर लावून आत काय चाललंय ते बघता येतं. कर्नेलच अडकला तर बाहेर उरतंच कोण? म्हणून कर्नेल स्वतःचा डीबगर स्वतःच्या पोटात बाळगतो. लिनक्समध्ये त्याची दोन तोंडं आहेत. केजीडीबी हा सिरियल केबलच्या पलीकडल्या मशीनवरच्या जीडीबी या नेहमीच्या डीबगरशी बोलतो. तो २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत मुख्य कर्नेलमध्ये आला. केडीबी त्याच मशीनच्या कन्सोलवर स्वतःचा प्रॉम्प्ट देतो. तो आधी एसजीआय कंपनीचा वेगळा पॅच, म्हणजे कोडवर वरून लावायचा बदल, होता, २०१० साली २.६.३५ मध्ये आत घेतला गेला. सिसआरक्यू या थेट कर्नेलला हुकूम देणाऱ्या कळीसोबत 'जी' दिलं की सगळे सीपीयू थांबतात, एकच जागा राहतो आणि तुमच्या कमांडची वाट बघतो. त्या अवस्थेत कोडला झोपता येत नाही आणि लॉकसाठी थांबताही येत नाही, कारण लॉक ज्याच्या हातात आहे तोही गोठलेला असतो. इतक्या अडचणीच्या जागी चालणारा कोड, आणि त्यात वेगवेगळ्या काळातल्या लोकांचे हात लागलेले.

आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एक जुना एक्स८६ (इंटेलच्या घराण्यातला) बोर्ड आणि त्याच्यासोबत आलेला जुना कर्नेल मिळाला होता. त्यातला डीबगरचा भाग साफ करायचा, म्हणजे फंक्शनला दिलेले पण कुठंच न वापरलेले पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या किमती) शोधायचे, हे काम माझ्या वाट्याला आलं. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, "सोपं आहे बे, कंपायलरच दाखवतो की." कंपायलर दाखवतो, पण विचारल्याशिवाय नाही. कर्नेलच्या बिल्डमध्ये डब्ल्यू=१ देऊन जास्तीच्या वॉर्निंग मागितल्या तरी न वापरलेल्या पॅरामीटरची वॉर्निंग मुद्दाम बंद ठेवलेली असते. मी ती तेवढ्या फोल्डरपुरती चालू केली आणि जी लांबलचक यादी आली ती प्रिंट काढून तुमच्याकडं वर आलो.

तुम्ही यादी वाचलीसुद्धा नाही. पालथी घातली, तिच्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणालात, "ही वॉर्निंग बंद का ठेवली असेल, ते आधी सांग."

मग तुम्ही डीबगरच्या गाभ्याची फाइल उघडलीत आणि एक इवलंसं फंक्शन दाखवलंत. नाव केजीडीबी स्किप एक्सेप्शन. दोन पॅरामीटर: एक्सेप्शनचा, म्हणजे सीपीयूला मधेच थांबवणाऱ्या घटनेचा, नंबर आणि रजिस्टरांचा, म्हणजे सीपीयूच्या आतल्या छोट्या खणांचा, पॉइंटर. आत एकच ओळ, शून्य परत कर. दोन्ही पॅरामीटरना कुणी शिवलेलं नाही. यादीत हे होतंच. तुम्ही विचारलंत, "याच्या डोक्यावर काय लिहिलंय?" फंक्शनच्या नावाआधी 'वीक' अशी खूण होती. म्हणजे दुसऱ्या कुणी याच नावाचं पक्कं फंक्शन लिहिलेलं असेल तर कोडचे तुकडे जोडणारा लिंकर ते घेतो आणि हे बाजूला पडतं. तुम्ही मला आर्च फोल्डरमध्ये, जिथं प्रत्येक प्रकारच्या सीपीयूचा वेगळा कोड असतो, ग्रेप मारायला, म्हणजे ते नाव शोधायला, लावलात, आणि एक्स८६ च्या फाइलमध्ये ते पक्कं फंक्शन निघालं.

तिथं दोन्ही पॅरामीटर कामाला लागलेले. एक्स८६ वर ब्रेकपॉइंट (कोड जिथं थांबवायचा ती खूण) म्हणजे मूळ सूचनेच्या जागी ठेवलेला सीसी हा एकच बाइट. सीपीयू तो चालवतो, तीन नंबरचं एक्सेप्शन येतं, तोवर पुढची सूचना कुठली ते दाखवणारा इन्स्ट्रक्शन पॉइंटर एक घर पुढं सरकलेला असतो. आता समजा एका सीपीयूनं तो बाइट चालवला आणि त्याची पाळी यायच्या आत तो ब्रेकपॉइंट काढून टाकला गेला. आता तिथं थांबायचं कारणच उरलं नाही. म्हणून ते फंक्शन बघतं: नंबर तीन आहे का, आणि एक घर मागं नुकताच काढलेला ब्रेकपॉइंट होता का? असेल तर पॉइंटर एकनं मागं घ्यायचा आणि हे एक्सेप्शन सोडून द्यायचं. मूळ सूचना पुन्हा पहिल्यापासून नीट चालते. ते वजा एक तुम्ही कागदावर चौकोन काढून समजावलंत तेव्हा आमच्या चार वर्षांच्या मायक्रोप्रोसेसरच्या तासांना एकदाचा अर्थ आला. तो कागद अजून माझ्याकडं आहे. तुमच्या कपाचा गोल डाग असलेली यादीही आहे.

नंतर कमांडचा तक्ता. केडीबीत प्रत्येक कमांडचं फंक्शन सारख्याच घडणीचं असतं: किती शब्द आले, आणि ते शब्द कुठले. मॉड्यूलची यादी देणारी एलएसमॉड कमांड फक्त मोजणी बघते, पुढं काही टाइप केलं असेल तर चूक म्हणून परत येते. शब्द वाचायची तिला गरजच नसते. (ही मोजणी कमांडचं नाव सोडून असते, हेही तुम्हीच दाखवलंत. साध्या सी प्रोग्रामची सवय असलेल्याला ते खटकतंच.) मी विचारलं, मग तिचा दुसरा पॅरामीटर काढायला काय हरकत आहे? तुम्ही म्हणालात, "स्टेशनवर रिझर्व्हेशनचा फॉर्म भरतोस ना? ज्येष्ठ नागरिकाचा रकाना तू रिकामा सोडतोस. म्हणून तुझ्यासाठी वेगळा फॉर्म छापतात का?" तक्त्यात फंक्शनचे पॉइंटर ठेवलेत, बोलावणारा सगळ्यांना एकाच रीतीनं बोलावतो, तेव्हा रकाना रिकामा राहिला तरी राहू द्यायचा. विषय तिथंच मिटला.

हेडर फाइलमधल्या पोकळ फंक्शनांवर आपण फार वेळ घालवला नाही. कॉन्फिगमध्ये केडीबी बंद असेल तर बाकीचा कोड मोडू नये म्हणून केडीबीच्या प्रिंटसारख्या फंक्शनांची नुसती टरफलं ठेवलेली असतात. त्यांचे पॅरामीटर रिकामे असणारच.

एवढं झाल्यावर यादीतल्या बहुतेक ओळींसमोर तुमची पेन्सिलची 'ठेव' अशी खूण आली होती. मला वाटलं, प्रोजेक्ट संपला, आता गाइडना काय दाखवू? त्या दिवशी बरोब्बर पाणी आलं. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको: नळाला पाणी आलं की कर्नेलच काय, लग्नातला मांडवही तसाच सोडून लोक उठतात. आपण दोघांनी बादल्या भरल्या, टाकी भरली, आणि तुम्ही ओल्या हातानंच म्हणालात, "यादीत नाही असा एक दाखवते, चल."

हेच या पत्राचं खरं कारण आहे, अक्का. केडीबीत वापरणाऱ्यानं टाइप केलेला पत्ता वाचणारं एक फंक्शन आहे. सिम्बॉलचं (कोडमधल्या फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं) नाव द्या, रजिस्टर द्या, आकडा द्या, ते त्याची किंमत काढून देतं. आमच्या आवृत्तीत त्याला सहा पॅरामीटर होते. शेवटचा होता सिम्बॉलचं नाव परत देण्यासाठी. फंक्शनच्या आत तो वापरलेला, त्यामुळं कंपायलर गप्प. त्या फंक्शनला कोण कोण बोलावतं ते सगळे तुम्ही मला शोधायला लावलेत. मेमरी दाखवणारी कमांड तिथं नल, म्हणजे 'काही नको', देते. पुढं चालू करणारी 'गो' कमांड नल देते. ब्रेकपॉइंटवालाही नल. एकच जण खरा पत्ता देत होता: कमांड ओळखता आली नाही की टाइप केलेल्या शब्दाची किंमत छापून दाखवणारा पार्सरचा शेवटचा तुकडा. मी म्हणालो, सापडला वापरणारा, ठेवायला पाहिजे. तुम्ही नुसतं म्हणालात, "पुढच्या तीन ओळी वाच."

वाचल्या. नाव मागून घेतलं होतं, आणि पुढं त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. छापलं जात होतं ते वापरणाऱ्यानं टाइप केलेलंच. म्हणजे देणारा इमानेइतबारे देतोय, घेणारा एकच, आणि तोही घेऊन टाकून देतोय. व्हेरिएबलचा पत्ता बाहेर दिलेला असल्यामुळं कंपायलरच्या लेखी ते वापरलेलंच ठरतं. कुठल्याही वॉर्निंगला हे सापडलं नसतं. तुम्ही कधी कुणाला हे असं बसून शिकवलं असेल तर त्या प्रत्येकानं तुमचे आभार मानायला हवेत.

तो पॅरामीटर काढायला लागल्यावर साखळी सुरू झाली. फंक्शनमधून काढला, प्रत्येक बोलावणाऱ्यातून काढला, मग पार्सरमधलं ते व्हेरिएबल काढलं. स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलपुरत्या, फंक्शनांतही असेच निघाले: खालच्याचा पॅरामीटर गेला की वरचा जो फक्त पुढं ढकलण्यापुरता घेत होता तोही रिकामा होतो. तुम्ही प्रत्येक पायरीला वेगळा पॅच करायला लावलात आणि प्रत्येकाच्या आधी गिट लॉगमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीत, तो शब्द पहिल्यांदा कधी आला ते शोधायला लावलात. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

मी रिपोर्टमध्ये 'वेग वाढतो' असं लिहायला निघालो होतो, ते तुम्ही खोडलंत. चौसष्ट बिटांच्या एक्स८६ वर पहिले सहा पूर्णांक पॅरामीटर रजिस्टरमधूनच जातात, आणि स्टॅटिक फंक्शनचा बिनवापराचा पॅरामीटर जीसीसी हा कंपायलर -ओ२ या पर्यायाला बहुतेक वेळा स्वतःच उडवतो. ते पटवायला तुम्ही एका पॅचच्या आधीचा आणि नंतरचा ऑब्जडंप, म्हणजे तयार झालेला मशीनचा कोड, शेजारी शेजारी लावून दाखवलात. दोन्ही हुबेहूब. "फायदा मशीनचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. तसंच लिही." मग कमिटचा मजकूर, म्हणजे बदलासोबतचं टिपण, आधी मराठीत तोंडानं सांगायचा, तुम्हाला पटला तरच इंग्रजीत लिहायचा, हा तुमचा नियम. घरी तेलुगू बोलणाऱ्या तुम्ही माझं मराठी वाक्य तोडून तोडून सरळ करायचात, याची मला आधी गंमत वाटायची. आता कुठलाही पॅच लिहिताना आधी पुटपुटतो. आईला वाटतं, फोनवर आहे.

अलीकडं पॅचची संख्या वाढवायला म्हणून दिसेल ते साफ करत सुटणारी पोरं मी बघतो. त्यांना हे वाचून राग आला तरी चालेल. रिव्ह्यू करणाऱ्याची संध्याकाळ तुमच्या आकड्यापेक्षा महाग असते, हे मी तुमच्या संध्याकाळी खाऊन शिकलोय. त्याची परतफेड शेंगाचटणीच्या डब्यानं होत नाही, पण डबा आईनं भरून ठेवलाय.

एक राहिलं. एक्सेप्शन हाताळणारं जे आर्किटेक्चरचं, म्हणजे त्या त्या प्रकारच्या सीपीयूचं, फंक्शन आहे, त्याला सहा पॅरामीटर आहेत, आणि एक्स८६ च्या फाइलमध्ये त्यातले दोनच वापरलेत: आलेल्या पॅकेटचा बफर आणि रजिस्टरं. उरलेले चार इतर आर्किटेक्चरवर कोण कोण वापरतं ते मी उतरवून काढतोय. त्यातला एररकोड कुणीच वापरत नसेल, तर एका पॅरामीटरसाठी प्रत्येक आर्किटेक्चरच्या फाइलला हात लावणं योग्य आहे का, यावर माझं मत आहे, पण तुमच्याशी भांडल्याशिवाय ते पक्कं करायचं नाही. रविवारी सकाळी वर येतो. पाण्याचा दिवस नाही ना, तेवढं कळवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा