स्कॅनच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

डॉक्टरांचे आभार सगळेच मानतात. आमच्या पप्पांनीही त्यांना पेढे नेऊन दिले. मशीनमागे बसणाऱ्या माणसाला मात्र कुणी पत्र लिहीत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

मी लेसर करून चष्मा घालवायला आले होते. कारण लपवण्यासारखं काही नाही, स्थळाकडच्यांना चष्म्याची मुलगी नको होती. त्याआधी एका लेसर सेंटरने नुसता नंबर तपासून तारीख दिली होती, आणि "या महिन्यात ऑफर आहे" म्हणून ॲडव्हान्सही भरून घेतला होता. सिलिंडर नंबर सारखा का बदलतो, रात्री समोरच्या गाडीच्या एका दिव्याचे तीन का दिसतात, हे मी विचारलं. "ऑपरेशन झालं की सगळं जाईल," एवढंच उत्तर. चष्म्याच्या दुकानात तर वर्षानुवर्षं एकच पालुपद, मोबाइल कमी कर.

आत्याच्या हट्टामुळे तुमच्याकडे आले. हनुवटी टेकवली, निळा प्रकाश फिरला. तुम्ही काही न बोलता परत स्कॅन घेतलात. मी घाबरले, आणि सवयीने मुठी डोळ्यांवर गेल्या.

तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "राहू दे गं. आता नाही चोळायचे." आणि डॉक्टरांनी आत बोलवेपर्यंत हात सोडला नाहीत. बाहेर पेशंटची रांग होती, कुणीतरी दार वाजवतही होतं.

डोळे चोळण्यावरून मी लहानपणापासून बोलणी खाल्लीत. पण ॲलर्जीने जीव जाईस्तोवर खाज सुटते, मग करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत: गार पाण्याची पट्टी ठेव, खाजेचे थेंब लिहून घे. एवढीशी गोष्ट. पण रागावून सांगणं आणि हात धरून सांगणं यात किती अंतर असतं, ते मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं.

केराटोकोनस हे आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, पण तो कळला तुमच्यामुळे. स्क्रीन माझ्याकडे वळवून तुम्ही उजव्या डोळ्याच्या नकाशातला खालचा लाल डाग दाखवलात. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, साधारण 540 मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त) जाड असतो, माझा सर्वांत पातळ जागी 452. पापड लाटताना एका जागी पातळ होतो आणि तिथंच फुगतो, तसं, असं तुम्ही म्हणालात. लेसरने तोच आणखी पातळ केला असता. डाव्या डोळ्याने मला अगदी स्पष्ट दिसत होतं, पण त्याच्याही कॉर्नियाच्या मागच्या बाजूला सुरुवात झालेली होती. नुसता नंबर काढून ती कुणाला दिसली असती?

उजव्या डोळ्याचं सीथ्रीआर, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा उपचार, झालं. रायबोफ्लेविनचे थेंब, अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, मग दोन-तीन दिवस नुसती आग. ते जाऊ दे. नंबर गेला नाही, आणि जाणारही नव्हता. आजार आहे तिथं थांबावा एवढ्यासाठीच ते होतं. आता डाव्यावर लक्ष ठेवायचंय, उजव्याला कडक लेन्स बसवायचीय. ॲडव्हान्सबद्दल त्या सेंटरवाले "पॉलिसीत बसत नाही" म्हणतात. स्थळही गेलं. दोघांचं भलं होवो.

तुम्हाला मला "होईल की ऑपरेशन" म्हणून पुढे ढकलता आलं असतं. पगार तेवढाच मिळाला असता. खरंखोटं एका मशीनवर अडत नाही, ते चालवणारा नीट बघतो का यावर अडतं, आणि अशी नीट बघणारी माणसं बहुतेक वेळा पाटीवर नाव नसलेलीच असतात.

आता एक काम. धाकटा भाऊ सोळाचा आहे, तोही दिवसभर डोळे चोळतो. घरात एकाला असलं की बाकीच्यांचंही बघावं असं डॉक्टर म्हणालेत. त्याला सुट्टीत घेऊन येते. तुमची ड्यूटी कुठल्या दिवशी असते तेवढं रिसेप्शनवर सांगून ठेवा, मी फोन करून विचारते.